बॅच नंबर कुणासाठी?

निपाणीत आमचं औषधांचं दुकान आहे, म्हणजे पिकांच्या औषधांचं. गिऱ्हाईक बहुतेक तंबाखू, ऊस, सोयाबीनवालं. पण अथणीकडचे काही द्राक्षबागायतदारही पै-पाहुण्यांच्या ओळखीनं येतात आणि भुरी या बुरशीच्या रोगासाठी मायक्लोब्युटानिल नेतात. बिलावर बॅच नंबर घालतो, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं ते तोंडी सांगतो.

हेच औषध कॅनडात वैद्यकीय गांजावर सापडलं होतं. 2016-17 मध्ये तिथल्या परवानाधारक उत्पादकांना आपला विकलेला माल गिऱ्हाइकांकडून परत मागवावा लागला. भाच्याकडून हे कळलं तेव्हा मला प्रश्न पडला, द्राक्षाला चालतं ते तिथे का चालू नये?

कारण साधं आहे. द्राक्ष आपण खातो, आणि पोटात किती अंश गेला तर चालेल याची मर्यादा ठरलेली असते. गांजा पेटवतात. मायक्लोब्युटानिल तापलं की हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो, आणि तो धूर थेट फुप्फुसात जातो. ओढणारी माणसं कोण, तर दुखणं सहन व्हावं म्हणून डॉक्टरच्या कागदावर घेणारे आजारी लोक. गांजावर धरणाऱ्या बुरशीचंही तसंच. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धडधाकट माणूस बहुधा पचवतो, पण कॅन्सरची केमो चालू असलेल्याच्या फुप्फुसात ती जिवावर बेतू शकते.

भाचा कॅनडातल्या ओंटारिओत गांजाच्या परवानाधारक दुकानात कामाला आहे. (आपल्याकडे 1985 च्या कायद्यानं गांजा बंद आहे. तो खुला करावा की नाही, हा माझा विषय नाही.) व्हिडिओ कॉलवर त्यानं एक डबी कॅमेऱ्यासमोर धरली. लाल अष्टकोनात पान, पिवळ्या चौकटीत इशारा, आणि बाजूला बारीक अक्षरात लॉट नंबर (म्हणजे आपला बॅच नंबर) व पॅकिंगची तारीख. "मामा, माल परत मागवायची नोटीस आली की आधी हा नंबर जुळवायचा. जुळला की माल शेल्फवरून काढून वेगळा ठेवायचा, मग गिऱ्हाइकांना कळवायचं." 2019 च्या जानेवारीपासून तिथे 96 कीटकनाशक घटकांची तपासणी सक्तीची झाली आहे. तरीही माल परत मागवावा लागतो, आणि कुठल्या लॉटमध्ये काय सापडलं ते सरकार जाहीर करतं.

नंबर नसला तर काय होतं ते त्याच वर्षी अमेरिकेत दिसलं. व्हेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) भरायच्या गांजाच्या तेलात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत व्हेप ओढून फुप्फुसं बिघडलेल्या 2,807 रुग्णांची नोंद झाली, त्यातले 68 जण दगावले. त्यातला बराचसा माल मित्रांकडून, दलालांकडून आलेला. तो परत मागवायचा कुणी, आणि कुणाकडून?

मला काळजी वाटते ती आमच्या तंबाखूची. तोही पेटवूनच ओढतात. खरेदीला आलेला व्यापारी पान चोळतो, नाकाला लावतो, चिकटपणा बघतो आणि भाव करतो. शेवटची फवारणी कशाची आणि कधी केली, हे विचारणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. आपल्याला जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपनं आपली द्राक्षं नाकारली. निर्यातीच्या बागेची नोंद ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर होते, पेटीवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी जे होतं, ते इथल्या बिडी ओढणाऱ्यासाठी का होऊ नये? तो व्यसन करतो म्हणून त्याला वरून औषधाचा अंशही खपवायचा, हे मला पटत नाही.

आमच्या दुकानातल्या औषधांचे नमुने खात्याचे निरीक्षक नेतात. नापास झालं तर त्या बॅचची विक्री थांबते, पण निकाल येईपर्यंत पुडे गेलेले असतात, औषध शेतात पडलेलं असतं. पुढं त्या शेतकऱ्याला आणि त्याचा माल घेणाऱ्याला कोण कळवतं? माझ्या वहीत नाव, गाव, बॅच सगळं आहे. कुणी विचारलं तर त्याच दिवशी फोन लावायला मी बसेन.

आणि नोटीस काढायची तर ती कन्नड आणि मराठी दोन्हींत हवी. कॅनडाचं सरकार इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत काढतं. इथे मराठी शाळेत शिकलेला म्हातारा शेतकरी पुड्यावरचा नंबर नोटिशीशी जुळवणार असेल, तर त्याला ती वाचता आली पाहिजे.