एरंडेलाचा वास आणि बिगल्सची मंडळी

नाशिकहून पहाटेची एसटी पकडली. कसारा घाट सुखरूप उतरला, पण भिवंडी बायपासच्या कोंडीत अर्धी सकाळ गेली. खोपटला उतरून रिक्षाने नौपाडा गाठला तेव्हा चहाची पहिली फेरी संपलीही होती. एका वाचकाच्या घरी जुन्या विमानकथांचे वेडे जमले होते. सतरंजीवर पुस्तकं पसरलेली, बहुतेक बिगल्स या इंग्रजी साहसकथांतल्या वैमानिकाची, पाठीला चिकटपट्ट्या लावून जपलेली.

बिगल्स पहिल्यांदा छापून आला 1932 साली. त्याच वर्षी जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले. बिगल्सचा लेखक कॅप्टन डब्ल्यू. ई. जॉन्स 1893 चा, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच सालचं. हा योगायोग ठाणेकरांनी मला दोनदा ऐकवला आणि दोन्ही वेळा छान वाटला.

दिवसाचा खरा ऐवज आणला तो हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या इंजिनाची लाकडी प्रतिकृती त्यांनी स्वतः कोरली होती. "हात लाव, फिरव," म्हणाले. मी पंखा फिरवला तर त्याच्याबरोबर सगळे सिलिंडरही गरगरले! आतला दांडा मात्र जागचा हलेना. मग काकांनी छोट्या बाटलीचं बूच काढून माझ्या नाकाशी धरलं. एरंडेल! पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही म्हणून या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच लागायचं. ते परत टाकीत जात नसे. धुराबरोबर बाहेर पडून थेट वैमानिकाच्या तोंडावर यायचं. फिरत्या वजनामुळे कॅमल उजवीकडे झपकन वळायचं आणि वळताना नाक खाली घालायचं. नवशिक्यांचा त्यात जीव जायचा, मुरलेल्यांचा वाचायचा. लहानपणी कथेतली वळणं मी नुसती वाचून पुढे गेले होते. आज ती मनगटाला कळली.

जॉन्सचं बळ इथेच आहे असं माझं ठाम मत आहे. तो स्वतः बॉम्बफेकी विमान उडवायचा, सप्टेंबर 1918 मध्ये पाडला गेला, जर्मनांच्या कैदेत राहिला. म्हणून पहिल्या महायुद्धावरच्या त्याच्या सुरुवातीच्या कथा सर्वांत अस्सल. त्यातला बिगल्स मिसरूड फुटण्याच्या वयाचा, थकलेला, हातांना चैन नसलेला पोरगा आहे. पुढे मुलांसाठी काढलेल्या आवृत्तीत एका कथेतलं व्हिस्कीचं बक्षीस लेमोनेड झालं! एका ताईंनी दोन्ही पानं शेजारीशेजारी वाचली. रोज मरणाच्या दारातून परतणारी पोरं लेमोनेडसाठी पैज लावतात, हे कुणाला पटणार? मुलांना भीतीपासून वाचवायला जाऊन गोष्टीचा कणाच काढला.

जेवणाआधी वाद पेटला. बिगल्सचा जन्म हिंदुस्थानातला, बाप इंग्रज सरकारी नोकर. पण आपली माणसं त्या पुस्तकांत बहुधा नोकरचाकर म्हणूनच. एका कॉलेजच्या मुलीने हे रोखठोक मांडलं आणि कुणी सारवासारव केली नाही, याचं मला फार बरं वाटलं. तिनेच पुढे विचारलं, मग इंद्रलाल रॉय कुठेत? कलकत्त्याचा हा लढाऊ वैमानिक, जुलै 1918 च्या दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळवून 22 तारखेला लढताना मारला गेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आणि हरदितसिंग मलिक? ते तर खुद्द कॅमलच उडवायचे, पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण खास करून घेऊन.

मिसळ येईपर्यंत ठरलं की पुढच्या वेळी प्रत्येकाने या दोघांपैकी एकावर मराठीत कथा लिहून आणायची. विमान तांत्रिकदृष्ट्या चुकलं तर काका लाल पेन्सिल चालवणार. मी मलिक घेतलेत. परतीच्या एसटीत वहीच्या मागच्या पानावर पहिलं उड्डाण सुरू केलं आणि एरंडेल दुसऱ्याच ओळीत आलं.