शहाबादी परसदार ६००० रुपयांत: आतापर्यंत झालेलं काम

सांगलीतल्या आमच्या जुन्या घरामागे १२ बाय १८ फुटांचं परसदार आहे, सगळं शहाबादी फरशीचं. फरश्या उंचसखल झालेल्या, मधल्या काही तडकलेल्या, सांध्यांतून हरळी वर आलेली. पावसात शेवाळ इतकं धरायचं की आई दोरीवरचे कपडे काढायलाही मागे जात नसे. बघायला आलेल्या गवंडीकाकांनी सरळ सांगितलं, "ताई, सगळं उचकटा आणि पेव्हिंग ब्लॉक टाका." हातात होते ६००० रुपये. पण पैसे जास्त असते तरी ही फरशी मी काढली नसती. दगड अजून ठणठणीत आहे, बिघडलंय ते त्याच्या खालचं.

आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरची फरशी दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होते. आधी कधीतरी सांधे सिमेंटने भरलेले होते. ते कडक सिमेंट या हालचालीत तडकलं, भेगांतून पाणी खाली मुरलं आणि माती आणखी फुगली. म्हणून या वेळी पैसा वर दिसणाऱ्या गोष्टींवर न घालता खाली घालायचा, असं ठरवलं.

दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली, म्हणजे ना चिखल ना कोरडी ठक्क, तेव्हा उचकटायला घेतलं. दोन बाय दोनची दीड इंच जाडीची शहाबादी ३० किलोच्या वर भरते, त्यामुळे हे एकट्याचं काम नाही. पहार थेट दगडाच्या कडेला लावली तर टवका उडतो. पहारीखाली लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू उचलायची आणि जागेवर खडूने नंबर टाकायचा. सगळं अंगण उचकटलं नाही, फक्त जिथे फरशी हलत होती तेवढा मधला पट्टा आणि मोरीकडची बाजू. तिथली काळी माती सहा इंच काढली, मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मस केला म्हणजे ठोकून घट्ट बसवला, त्यावर इंचभर कच (दगडाची बारीक चुरी) पसरली आणि फरश्या पुन्हा बसवल्या. झिजून गुळगुळीत झालेल्या फरश्या पालथ्या घातल्या. खालची बाजू खरखरीत निघाली आणि पाय घसरायचा थांबला.

उतारासाठी लेव्हल पाइपचं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं) पाणी धरून भिंतीवर खुणा केल्या आणि लाइनदोरी बांधली. १२ फुटांना दीड इंच उतार पुरतो. याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिला तर खुर्ची डुगडुगते. उतार मोरीकडे आणि घराच्या जोत्यापासून लांब, याबाबत तडजोड करू नका. सांध्यांत सिमेंट घातलं नाही, बारीक कच झाडूने सारून भरली. माती हलली तरी कच तिच्याबरोबर हलते, तडकत नाही.

सफाईबद्दल कळकळीने सांगते: शहाबादीवर ॲसिड टाकू नका. हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडताच तो फसफसतो आणि वरचा थर खाल्ला जातो. फरशी त्या दिवशी स्वच्छ दिसते, पण खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर शेवाळ आणखी घट्ट बसतं. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्याच्या ब्रशने घासलं. फार हट्टी जागी ब्लीचिंग पावडरचं पाणी थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. तेही झाडांपासून दूर, आणि ॲसिडबरोबर तर कधीच नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नवी फरशी एकही विकत घेतली नाही. कंपाउंडच्या भिंतीलगतची एक रांग काढून टाकली. तिथल्या धड फरश्या मधल्या तडकलेल्यांच्या जागी गेल्या आणि तडकलेल्यांचे तुकडे उभे गाडून वाफ्याची कड झाली. रांगेच्या जागी दोन फूट रुंद वाफा मिळाला. काढलेली काळी माती, उरलेली कच आणि शेणखत असं मिश्रण त्यात भरलं. घराच्या भिंतीलगत मात्र वाफा करू नका, जोत्यात ओल जाते.

मोरीच्या तोंडाशी कर्दळ लावली, तिला पाणी कितीही चालतं. पुढे गवती चहा, अबोली आणि शेजारून आणलेल्या फांदीचा पानओवा. उन्हाच्या बाजूला सांध्यांत ऑफिस टाइमच्या (चिनी गुलाबाच्या) फांद्यांचे तुकडे खोचले, तेही धरलेत. कढीपत्ता तेलाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवलाय. जमिनीत लावला की मुळांतून फुटवे काढतो आणि फरशी पुन्हा उचलतो.

खर्च असा झाला: मुरूम वाहतुकीसकट १५००, कच ९००, गवंडी आणि बिगारी यांची एका दिवसाची मजुरी १८००, शेणखत ७००, भिंतीसाठी चुना आणि ब्रश ४००. एकूण ५३००. चुन्याने भिंत पांढरी झाली आणि संध्याकाळी परसात उजेड जास्त वेळ टिकतो, हा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता.

परवाच्या वळवात पहिली परीक्षा झाली. पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात फरशी मोकळी झाली, फक्त धुण्याच्या दगडाजवळ एक डबकं उरलं. तिथल्या दोन फरश्या उचलून खाली कच वाढवायची आहे, ते मृगाच्या आत करेन. उरलेल्या ७०० रुपयांत बांबू आणि काथ्याचा मांडव उभारून त्यावर गोकर्ण चढवायचा विचार आहे, बिया रात्रभर भिजवून ठेवल्यात. आणि कुणाकडे पिवळी अबोली असेल तर एक रोप हवंय. बदल्यात पानओव्याच्या फांद्या आणि गवती चहाचे ठोंब हवे तेवढे देईन.