तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा दिवा बसवू का?

"पडदा अंधुक दिसतोय. 2000 वॉटचा झेनॉन दिवा काढून 3000 चा बसवला तर?" ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारी ऑपरेटर मंडळी मला हे विचारतात. मी म्हणतो, "आधी काच पुसा." त्यांना ती थट्टा वाटते.

केबिनच्या खिडकीची काच, लेन्स आणि लॅम्पहाउसमधला, म्हणजे दिव्याच्या पेटीतला, रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा आरसा) या तिन्हींवर धूळ-तेलाचा थर साचतो. रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही, कारण उजेड एका दिवसात जात नाही. पुसून झालं की दिव्याची ठिणगी पेटते ती जागा रिफ्लेक्टरच्या फोकसवर आहे का ते पाहायचं. दिवा जरा पुढे-मागे असला तर पडद्याचा मध्य झगझगतो आणि कोपरे मरतात. मग फिल्म न लावता, शटर (दोन चित्रांच्या मध्ये उजेड अडवणारी पाती) फिरतं ठेवून पडद्याच्या मध्यावर उजेड मोजणारा मीटर धरायचा. 35 मिमी फिल्मसाठी तिथे दर चौरस मीटरला 55 कँडेलाच्या आसपास मिळायला हवेत. डोळ्याच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

एवढं करूनही उजेड कमी पडला तर मोठ्या दिव्याचा विचार करा, पण तो एकटा येत नाही. मोठ्या दिव्याची ठिणगीही मोठी असते, त्यामुळे वाढलेला सगळाच उजेड गेटच्या, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या, चौकटीत मावत नाही; उरलेला नुसती उष्णता होऊन आजूबाजूला बसतो. रेक्टिफायरला (दिव्याला डीसी वीज पुरवणाऱ्या यंत्राला) तेवढे अँपिअर झेपायला हवेत, दिव्याच्या लांबीला धारक जुळायला हवेत, पंखा आणि धुराडं तेवढी हवा ओढणारं हवं. रेक्टिफायरच्या डीसीमध्ये लहरी जास्त असल्या तर महागडा दिवाही लवकर मरतो. आणि धन-ऋण उलटे जोडलेत तर नवा दिवा काही क्षणांत कामातून जातो.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. झेनॉनचा दिवा बंद आणि गार असतानाही त्याच्या क्वार्ट्झच्या फुग्यात वायू हवेच्या दाबाच्या आठ-दहापट दाबाने कोंडलेला असतो. पेटल्यावर तो दाब साधारण तिप्पट होतो. म्हणून पेटीतून बाहेर काढल्या क्षणापासून तो फुटू शकतो असं धरूनच वागायचं. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, गळा झाकलेला, जाड जॅकेट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे. चष्मा म्हणजे ढाल नव्हे. संरक्षक आवरण दिवा जागेवर बसल्यावरच काढायचं, आणि काढल्यावर लॅम्पहाउसचं दार लगेच लावायचं.

दिवा धरायचा तो टोकाच्या धातूला. क्वार्ट्झला बोट लागलंच तर पेटवण्याआधी स्पिरिटने पुसा, नाहीतर घामातले क्षार तापून तिथेच काच कमजोर करतात. एक टोक घट्ट आवळायचं, दुसरं लवचिक तारेवर मोकळं ठेवायचं, कारण तापल्यावर दिवा लांबतो. मी एकदा घाईत दोन्ही टोकं जखडली होती. दिवा वाचला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

जुना दिवा काढताना पंखा चालू ठेवून निदान पंधरा मिनिटं थांबा, मग मेन स्विच पाडा. पेटवताना इग्निटर, म्हणजे पहिली ठिणगी पाडणारं यंत्र, हजारो व्होल्ट सोडतो, म्हणून दार उघडं असताना कुणी बटण दाबणार नाही याची खात्री माझी मी करतो. कुणाच्या शब्दावर सोडत नाही.

"अजून पेटतोय, मग बदलायचा कशाला?" हा पुढचा प्रश्न. चालता चालता आतल्या इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून क्वार्ट्झच्या आतून काळा थर धरतो. तो उष्णता शोषतो, काच जास्त तापते आणि फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटला तर सोबत रिफ्लेक्टरही नेतो. दिव्यावर वाचवलेले पैसे तिथे जातात.

डिजिटल यंत्र असेल तर लेझरचा मार्गही आहे. मग दाबाखालचा फुगा हाताळावा लागत नाही, पण लेझरचा झोत डोळ्यांना धोक्याचा, आणि ते खोलणं केवळ प्रशिक्षित माणसाचं काम.

काढलेला दिवा कोपऱ्यात उभा करून ठेवू नका, दाब त्याच्यातही आहेच. नव्याचं आवरण आणि खोकं रिकामं झालेलं असतं, जुना त्यातच जातो. वर किती तास चालला ते लिहितो.