किटोनपासून चायरल अमाइन: आधी काय झालंय ते शोधताना

ट्रान्सअमिनेज (एका रेणूवरचा अमिनोगट दुसऱ्यावर नेणारं एन्झाइम) वापरून किटोनपासून चायरल अमाइन, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी हवं ते एकच, बनवायचं आहे, तर आजवर जगात काय काय झालंय? हा प्रश्न प्रयोग सुरू होण्याआधी विचारला गेला तर अर्ध्याहून जास्त काम वाचतं, पेटंट भरायच्या आदल्या आठवड्यात विचारला गेला तर फार काही वाचत नाही. अशा शोधाचं काम मी करते, आणि हाच विषय उदाहरणाला घेते. कारण तो जीवतंत्रज्ञान, सेंद्रिय रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग या तिन्हींत पसरलेला आहे, आणि तिन्हीकडचे लोक एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या शब्दांत लिहितात. एन्झाइमवाले अमिनोट्रान्सफरेज किंवा ओमेगा-ट्रान्सअमिनेज म्हणतात. रसायनवाले असममित रिडक्टिव्ह अमिनेशन म्हणतात, आणि त्यांच्या सारांशात एन्झाइमचं नावही येईलच असं नाही. इंजिनिअर लिहितात ‘समतोल सरकवणं’ किंवा ‘उत्पादन जागेवरच काढून घेणं’. एकाच ठिकाणी एकच शब्द टाकून शोधलं तर साधारण तिसरा हिस्साच दिसतो, आणि तोही पूर्ण नाही.

मोजपट्टी म्हणून मी सिटाग्लिप्टिन घेते. मधुमेहावरचं हे औषध आधी ऱ्होडियम उत्प्रेरक वापरून, सुमारे २५० पीएसआय दाबाखाली हायड्रोजनेशन करून बनत असे. मर्क आणि कोडेक्सिस यांनी त्या जागी ट्रान्सअमिनेज आणलं. तो निबंध २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, खंड ३२९, पान ३०५. त्यातले आकडे शोध घेणाऱ्याला पाठ असावेत: लिटरला २०० ग्रॅम किटोन, ६ ग्रॅम एन्झाइम, ५० टक्के डीएमएसओ हा द्रावक, अमाइनदाता आयसोप्रोपिलअमाइन, ९२ टक्के उतारा आणि ९९.९५ टक्क्यांहून जास्त एनॅन्शिओमेरिक (हव्या त्याच हाताच्या रूपाची) शुद्धता. पुढचा प्रत्येक निबंध वाचताना पहिला प्रश्न हाच असतो, की याची सब्स्ट्रेटची (सुरुवातीच्या संयुगाची) मात्रा याच्या आसपास तरी आहे का. लिटरला दोन ग्रॅमवर मिळालेलं रूपांतर ही वेगळ्या पातळीची गोष्ट आहे आणि अहवालात ती वेगळीच मांडली पाहिजे.

शोध सुरू करण्यापूर्वी मी माहीत असलेल्या दहा-पंधरा निबंधांचा आणि पेटंटांचा संच बाजूला ठेवते. वरचा निबंध त्यात असतो, एखादा जुना जपानी दस्तऐवज असतो, एखादा निव्वळ रिअॅक्टरवरचा लेख असतो. सर्चची ओळ तयार झाली की ती हा संच पकडते का ते पाहायचं. जो सुटला तो का सुटला हे शोधलं की गाळलेला शब्द सापडतो. ही तपासणी मी कधीच टाळत नाही, कारण मिळालेल्या निकालांकडे कितीही निरखून पाहिलं तरी न मिळालेले त्यांत दिसत नाहीत.

रसायनाच्या बाजूने सुरुवात नावाने करायची नाही, रचनेने करायची. सायफाइंडर किंवा रिअॅक्सिस या रसायनांच्या डेटाबेसमध्ये रेणू काढायचा, किंवा सीएएस नोंदणी क्रमांक (प्रत्येक संयुगाचा ठरलेला ओळखक्रमांक) टाकायचा. सिटाग्लिप्टिनचा क्रमांक ४८६४६०-३२-६, पण त्याच्या फॉस्फेट क्षाराचा ६५४६७१-७८-० आणि त्याच क्षाराच्या मोनोहायड्रेटचा ६५४६७१-७७-९. तीन वेगळे क्रमांक म्हणजे तीन वेगळ्या नोंदी. एकच टाकला तर बाकीच्यांवरचं काम येईलच याची खात्री नाही. क्रमांक कुठून उतरवून घेतला असेल तर आधी तपासावा. शेवटचा अंक तपासणीचा असतो: उरलेले अंक उजवीकडून डावीकडे अनुक्रमे १, २, ३ अशा संख्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. सिटाग्लिप्टिनसाठी बेरीज १७६ येते, म्हणून शेवटी ६. टंकनातली एका अंकाची चूक इथेच सापडते.

मात्र फक्त उत्पादनाची रचना टाकली तर गोळ्यांची सूत्रं, रुग्णांवरच्या चाचण्या आणि रक्तातलं प्रमाण मोजण्याच्या पद्धती यांचा ढीग समोर येतो. हवी असते ती अभिक्रिया. म्हणून डावीकडे किटोन, उजवीकडे अमाइन, आणि कार्बोनिलचा कार्बन दोन्हीकडे तोच, अशी जोडणी करून अभिक्रियेचा शोध घ्यायचा. अमाइनचा स्टिरिओबंध पहिल्या फेरीत सपाटच काढावा. दिशा दाखवणारा पाचरीचा बंध रेखाटला की विरुद्ध हाताचे आणि रेसेमिक (दोन्ही हातांची मिसळ असलेले) नमुने गळू शकतात, आणि एस-निवडक (एका हाताचं रूप देणाऱ्या) एन्झाइमवरचं काम दुसऱ्या हाताच्या आर-निवडकासाठीही उपयोगाचं असतं. ‘जैवरूपांतर’ हा फिल्टर मी अगदी शेवटी लावते. नोंद करणाऱ्याने ती खूण केली नसेल तर चांगला निबंध मुकाट्याने बाहेर जातो.

या दोन्ही सेवा महाग आहेत. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं वाचता येतात, पण निबंध वाचायला मिळणं आणि रचनेने शोधता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे नसतील तर पबकेम, पेटंटांतल्या रचनांसाठी शुअरकेम्बल, आणि लॉगिन केल्यावर पेटंटस्कोपचा रचनाशोध, एवढ्यावर बरंच काम होतं. शुअरकेम्बलमधल्या रचना यंत्राने मजकुरातून आणि चित्रांतून उचललेल्या असतात, म्हणून प्रत्येक निकाल मूळ पेटंट उघडून पाहावा लागतो. आणि मार्कुश दावे, म्हणजे ‘आर-१ हा अमुकपैकी कोणताही गट’ अशा थाटाचे, तिथे नीट सापडत नाहीत. त्यासाठी सशुल्क सेवेला पर्याय मला मिळालेला नाही.

पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या निबंधसूचीत ‘ट्रान्सअमिनेजेस’ हा मेश शब्द (सूचीने ठरवून दिलेला विषयशब्द) आहे, पण नुसत्या मेशवर विसंबू नये, कारण पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश लागलेला नसतो. मेश आणि मोकळे शब्द ‘ऑर’ने जोडायचे. शब्द अवतरणचिन्हांत टाकला किंवा शेवटी तारका लावली की पबमेडची आपोआप पर्यायी शब्द जोडण्याची सोय बंद पडते. मग समानार्थी शब्द आपणच लिहायचे. सगळ्यात त्रास देतं ते ओमेगा हे ग्रीक अक्षर. कुठे ते अक्षर म्हणून छापलेलं असतं, कुठे अक्षरी ‘ओमेगा’ लिहिलेलं असतं, आणि स्कॅन केलेल्या जुन्या पेटंटांत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) त्याला ‘डब्ल्यू’ किंवा ‘सीओ’ वाचतो. म्हणून पूर्वपद सोडून द्यावं आणि शोध ‘ट्रान्सअमिनेज’वरच बेतावा. जिवाणूंची नावंही बदलतात. बॅसिलस मेगाटेरियम २०२० पासून प्रिस्टिया मेगाटेरियम झाला. जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाकली नाहीत तर २०२० च्या अलीकडचं किंवा पलीकडचं काम अर्धवट दिसेल.

आता सीक्वेन्स. एन्झाइमच्या शोधात निर्णायक भाग हाच, आणि रसायनशास्त्रज्ञ नेमका हाच वगळतात. आपल्या प्रथिनाची अमिनो आम्लांची ओळ एनसीबीआयच्या ब्लास्ट या सीक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या साधनात टाकायची, आणि नेहमीच्या संग्रहाखेरीज पेटंटांतल्या प्रथिनांच्या संग्रहावरही चालवायची. प्रश्न येतो तो किती टक्के साम्यावर थांबायचं याचा. सिटाग्लिप्टिनचंच पाहा. मूळ एन्झाइम एटीए-११७ सुमारे ३३० अमिनो आम्लांचं; निर्देशित उत्क्रांतीच्या (मुद्दाम बदल करून चांगला वाण निवडत जाण्याच्या) अकरा फेऱ्यांनंतरच्या वाणात २७ बदल आहेत. म्हणजे ३०३ जागा तशाच राहिल्या, साम्य साधारण ९२ टक्के. ‘९५ टक्क्यांच्या वरचं तेवढं दाखवा’ अशी चाळणी लावणाऱ्याला या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाचं एन्झाइम त्याच्या स्वतःच्या पूर्वजाजवळ सापडणार नाही. मी ७० टक्क्यांपर्यंत खाली जाते आणि मग हाताने निवडते.

उलट बाजूही आहे. दावे बहुधा ‘अमुक क्रमांकाच्या सीक्वेन्सशी किमान इतके टक्के साम्य असलेलं आणि तमुक जागी बदल असलेलं पॉलिपेप्टाइड’ अशा भाषेत असतात. ब्लास्ट फक्त छापलेली ओळ दाखवतो, दाव्याचा पसारा दाखवत नाही. आपलं एन्झाइम वीस जागी वेगळं असूनही त्या पसाऱ्यात बसू शकतं. म्हणून प्रत्येक जवळच्या निकालाचे दावे उघडून टक्का आणि बदलांच्या जागा टिपून घ्याव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला आडवाट नाही. जागांचे क्रमांक जुळवताना पहिलं मेथिओनिन मोजलंय की नाही, सुरुवातीच्या टोकाला हिस्टिडिन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) आहे की नाही, हेही पाहावं. त्यामुळे सगळे आकडे एकाने किंवा अधिकाने सरकलेले असू शकतात.

पेटंटांसाठी शब्दांपेक्षा वर्गीकरण भरवशाचं. एस्पेसनेट या पेटंटांच्या डेटाबेसमध्ये सीपीसी ही वर्गीकरणपद्धत वापरून सी१२एन ९/१०९६ (नायट्रोजनगट हलवणारी एन्झाइमं) आणि सी१२पी १३/०० (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगं बनवणं) घ्यावेत. त्याहून उपयोगी सी१२वाय ही मालिका, कारण ती एन्झाइमच्या ईसी क्रमांकावरच (एन्झाइम कोणती अभिक्रिया घडवतं त्यावरून दिलेल्या) बेतलेली आहे: ट्रान्सअमिनेजांचा ईसी २.६.१, म्हणून सी१२वाय २०६/०१. शब्द कुठल्याही भाषेत असोत, वर्ग तोच राहतो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपासमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण चालतं, तिथे सी१२एन ९/१० इतकंच ढोबळ मिळतं. त्यामुळे वर्गाला शब्दांची जोड द्यावी लागते. निकाल कुटुंबाने एकत्र करावेत, नाहीतर एकच शोध अमेरिका, युरोप, जपान आणि भारत असा चारदा मोजला जातो.

जपानचं नाव उगाच घेतलं नाही. एटीए-११७ ज्या एन्झाइमच्या कुळातलं आहे, ते आर्थ्रोबॅक्टर केएनके१६८ चं आर-निवडक ट्रान्सअमिनेज कानेका या जपानी कंपनीच्या कामातून आलं. नुसतं इंग्रजीत शोधणाऱ्याचा इतिहास त्यामुळे उशिरा सुरू होतो. जे-प्लॅटपॅट या जपानी पेटंटांच्या डेटाबेसवर यंत्रानुवाद मिळतो आणि आकड्यांचे तक्ते त्यात बऱ्यापैकी शाबूत राहतात. भाषेच्या भिंतीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. जखमा भरण्यासाठी हळद, या वापराचं अमेरिकन पेटंट (५,४०१,५०४) १९९५ मध्ये दिलं गेलं आणि सीएसआयआरच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते. पुरावा म्हणून दिलेले ३२ संदर्भ संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि १९५३ च्या एका वैद्यकीय निबंधासारखे होते. सगळं छापलेलं होतं, पण तपासनिसाच्या शोधात आलं नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या बाजूला कॉम्पेन्डेक्स हा डेटाबेस. त्याची मुळं १८८४ च्या इंजिनिअरिंग इंडेक्सपर्यंत जातात. इथे रेणूचं नाव बाजूला ठेवून अडचणीच्या नावाने शोधावं. अडचण अशी: आयसोप्रोपिलअमाइनने अमिनोगट दिला की अॅसिटोन तयार होतं, आणि ते काढलं नाही तर अभिक्रिया समतोलावर अडते. म्हणून दाब कमी करून किंवा नायट्रोजन फिरवून अॅसिटोन उडवतात. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, आयसोप्रोपिलअमाइन ३२ अंशांना. म्हणजे ४५ अंशांवर चालवताना आपला दाताही उडू पाहतो. पीएच ८.५ च्या आसपास त्याचा बहुतेक भाग प्रोटॉन घेऊन द्रावणात टिकतो, पण जेवढा जातो तेवढा पीएच खाली येतो आणि अमाइन पुन्हा घालत राहावं लागतं. हा हिशेब एन्झाइमच्या निबंधात क्वचित सापडतो. तो ‘उत्पादन जागेवरच काढणं’, ‘स्ट्रिपिंग’, ‘पर्व्हेपरेशन’ या शब्दांखाली असतो, आणि तिथे काम किण्वनातल्या ब्युटेनॉलवरचं असलं तरी गणित लागू पडतं. ‘रिझोल्यूशन’ (रसायनात दोन हातांची रूपं वेगळी करणं) हा शब्द मात्र इथे एकटा टाकू नये, कॅमेरे आणि रडारच येतील. शब्दांची रूपं आपोआप जोडणारी ऑटोस्टेमिंगची खूणही काढून टाकावी.

एका डेटाबेसची ओळ दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही, आणि चालली नाही हे बहुतेक वेळा सांगितलंही जात नाही. जवळचे शब्द शोधण्याची खूण कॉम्पेन्डेक्स आणि वेब ऑफ सायन्समध्ये ‘निअर’ आहे, स्कोपसमध्ये ‘डब्ल्यू’, पबमेडमध्ये शीर्षकाच्या टॅगमागे तरंगचिन्ह. निकालांचा आकडा अचानक शून्यावर आला किंवा लाखात गेला तर आधी ही खूण तपासावी.

जमलेलं सगळं झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन डीओआयवरून (निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) दुहेरी नोंदी काढून टाकते. मागे घेतलेला निबंध असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतो, आणि ती पट्टी गांभीर्याने घ्यावी. २०१८ च्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने बीटा-लॅक्टमच्या एन्झाइमी संश्लेषणावरचा २०१९ चा ‘सायन्स’मधला निबंध जानेवारी २०२० मध्ये स्वतःहून मागे घेतला, कारण निकाल पुन्हा मिळेनात. तो उद्धृत करणारे लेख मात्र आधीच छापून झालेले होते. एआयने दिलेल्या संदर्भयादीलाही हाच नियम: डीओआय उघडला पाहिजे, आणि उघडल्यावर तोच लेख दिसला पाहिजे. समानार्थी शब्द सुचवायला ही साधनं उत्तम आहेत, पण संदर्भ म्हणून त्यांचं उत्तर मी अहवालात जाऊ देत नाही.

थांबायचं केव्हा? बाजूला ठेवलेला संच पूर्ण पकडला गेला, आणि महत्त्वाच्या निबंधांचे संदर्भ मागे व त्यांना उद्धृत करणारे लेख पुढे असं दोन्हीकडे गेल्यावर नवं काही येईना, की थांबायचं. प्रत्येक ओळ, डेटाबेस, तारीख आणि निकालांची संख्या अहवालाला जोडायची. तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण पेटंट अर्ज साधारण १८ महिने प्रसिद्धच होत नाहीत. आज स्वच्छ दिसणाऱ्या जागेत दीड वर्षापूर्वी कुणी अर्ज केला असू शकतो. म्हणून त्याच ओळी अलर्ट म्हणून साठवून ठेवते आणि अर्ज भरण्याच्या आठवड्यात सगळ्या पुन्हा चालवते, सीक्वेन्सच्या शोधासकट.