शेतकरी बाजारातली उन्हाळी सकाळ: काय बघून घ्यायचं

बाजार उघडता उघडताच पोचले. उन्हाळ्यात जाणार असाल तर हीच वेळ गाठा, कारण तोडल्यावरही पानांतून पाणी उडतच राहतं आणि ऊन चढलं की पालेभाजीच्या जुड्या बघता बघता माना टाकतात.

पहिली फेरी नुसती बघत मारली. एकाच ठिकाणी बारा महिन्यांची फळं-भाज्या मांडलेल्या दिसल्या की माल बहुधा दुसरीकडून आणलेला असतो. मी थांबले ते तीन-चारच जिन्नस घेऊन बसलेल्या एका बाईंपाशी. "कधी तोडलंत?" म्हटल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार न करता प्रत्येक ढिगाची वेळ सांगितली. भाव विचारायच्या आधी हा प्रश्न विचाराच.

मक्याच्या बाबतीत तर त्यावरच सगळं अवलंबून आहे. कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उष्णतेत फार भराभर. म्हणून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली कणसं घेतली. शेंडी वरून तपकिरी पण हाताला किंचित चिकट, पाला हिरवा आणि घट्ट. दाणे भरलेत का हे बघायला टोकाशी पाल्यावरूनच अंगठा दाबा. कृपा करून सोलून बघू नका, सोललेलं कणीस सुकतं आणि नुकसान विकणाऱ्याचं होतं.

कलिंगड वेलीवरून काढल्यावर पिकत नाही, तेव्हा निवड तिथेच नीट करायची. टिचक्या मारण्यापेक्षा मी ते उलटं करून बघते. जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा हवा, पांढरट असला तर फळ लवकर काढलंय. एकसारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड ते घ्या. खरबूज मात्र नाकाने निवडायचं, देठाच्या जागी गोड वास आला पाहिजे. घरी ठेवून ते मऊ होईल, गोड होणार नाही.

टोमॅटो घरीही पिकतात, म्हणून निम्मे लाल आणि निम्मे रंग धरलेले घेतले. बाजार उठायच्या वेळी फुटके, अतिपिके टोमॅटो स्वस्तात मिळतात. त्याच दिवशी शिजवणार असाल तर खुशाल घ्या. शेतकऱ्याचं वाया जाणं तेवढंच टळतं.

सोबत सुटे पैसे, रुंद तळाची टोपली आणि एक ओलं फडकं ठेवा. खरेदीचा क्रम जड ते नाजूक, पालेभाजी अगदी शेवटी. आणि गाडी उन्हात उभी करून दुसऱ्या कामाला जाऊ नका, तापलेल्या डिकीत सगळी निवड फुकट जाते.

घरी आल्यावर कणसं आणि पालेभाजी लगेच फ्रिजमध्ये, कणसं पाल्यासकट. टोमॅटो बाहेरच, थंडीत त्यांचा वास आणि चव उतरते. काकडी टोमॅटो-खरबुजापासून लांब ठेवा. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती पिवळी पडते.