चिपर एकदाचा ट्रॅक्टरला लागला!

आजचा अख्खा दिवस फांद्यांचा भुगा करायचं मशीन ट्रॅक्टरला जोडण्यात गेला. थ्री पॉइंटच्या, म्हणजे मशीन धरून उचलणाऱ्या मागच्या तीन जोडांच्या, पिना पटकन बसल्या, घाम काढला तो पीटीओ शाफ्टनं, म्हणजे इंजिनाची ताकद मशीनला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्यानं. नवा शाफ्ट बहुतेकदा लांबच येतो, आपल्या ट्रॅक्टरच्या मापानं कापून घ्यावा लागतो. लांब राहिला तर मशीन उचलताना दोन्हीकडे ठेपतो आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगची वाट लावतो. जास्त कापला तर त्याच्या एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या पुरेशा अडकत नाहीत. म्हणून मशीन वर-खाली करून, अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते पाहूनच करवत लावली. आतली नळी, बाहेरची नळी, प्लास्टिकची कव्हरं, सगळं सारखंच कापायचं. मग कानस, मग ग्रीस. हात अजून काळे आहेत.

फिरती पाती आणि स्थिर पातं यांतली फट पाती बसवलेलं चाक हातानं फिरवून तपासली. मग हळूहळू रेस वाढवत पीटीओ 540 आरपीएमवर. काय आवाज! पीटीओ बंद केल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं. तोवर झाकणाला हात लावणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.

वाळकी खोडं पात्यांची धार लवकर घालवतात, तेव्हा उद्या आधी ओल्या फांद्यांचा ढीग.