गव्यांनी तुडवलेले कुळागर आणि अडलेला एक-चौदाचा उतारा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले आमचे कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, म्हादई अभयारण्याला लागून आहे. उन्हाळ्यात रानातले ओहोळ आटले की गवे पाटाच्या पाण्यासाठी आणि हिरव्या चाऱ्यासाठी खाली उतरतात, हे आमच्याकडे कोणालाच नवीन नाही. यंदा चैत्रात मात्र एका रात्रीत रसबाळीच्या केळी आडव्या झाल्या. खुंट फोडून गाभा खाल्लेला होता, ओल्या पाटात खुरांचे खोल ठसे होते आणि कोवळ्या पोफळींचे (सुपारीच्या झाडांचे) शेंडे मोडलेले होते. केळ पुन्हा उभी राहते. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणून तिचे दुःख अधिक.

वनरक्षकांनी लगेच पंचनामा केला आणि भरपाईचा अर्जही दाखल झाला. फाइल अडली ती एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या कागदावर. त्यावर अजून आजोबांचे आणि त्यांच्या भावांचे नाव आहे. त्यांपैकी कोणीही हयात नाही आणि वारस वास्को, पुणे व आखातात विखुरलेले आहेत. कार्यालयाने या सर्वांची ना हरकत पत्रे मागितली. ती गोळा करून नेली, तेव्हा ती स्टॅम्प पेपरवर नोटरी करून हवीत असे सांगण्यात आले. तशी करून नेली, तर आखातातल्या चुलतभावाचे पत्र तिथल्या दूतावासातून साक्षांकित करून आणा, असा नवा शेरा पडला. या सगळ्या अटी पहिल्याच भेटीत एका कागदावर लिहून का दिल्या नाहीत, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. ज्या उताऱ्यावर माझे कृषी कार्ड निघाले, म्हणजे ही बाग मी कसतो हे सरकारने एकदा मान्य केले, त्याच उताऱ्यावर भरपाई अडावी, हे मला साफ अन्यायाचे वाटते. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचा कोर्टातला दावा, करून वाटप करून घ्या, असा सल्लाही मिळाला. पण त्या दाव्याला वर्षे लागतात आणि गवे तोवर थांबत नाहीत.

अखेर पंचायतीचा कसत असल्याचा दाखला, तलाठ्याचा अहवाल आणि इतर वारसांनी हक्क सांगितल्यास जबाबदारी माझी, असे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर फाइल पुढे सरकली. रक्कम खात्यावर जमा झाली तेव्हा आईला आधी फोन केला.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि त्याला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे, ते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्याच्या शेजारी राहण्याची किंमत एकट्या बागायतदाराने मोजू नये. जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषप्रयोगाने मेली, तेव्हाही वाघांनी मारलेल्या गुरांच्या भरपाईचा प्रश्न पुढे आला होता. कागद वेळेवर हलला असता, तर राग रानापर्यंत पोहोचला नसता, असे मी आजही मानतो.

पंचनामा होईपर्यंत मोडलेली झाडे हलवू नयेत, हे वर सांगायचे राहिले. फोटो काढताना सर्व्हे नंबरचा दगडही चौकटीत घ्यावा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आणि ज्यांचे उतारे अजून आजोबांच्याच नावावर आहेत, त्यांनी चतुर्थीला सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात तेव्हाच नोटरीला बोलावून संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवाव्यात.